आपत्तीग्रस्त भागातील अभ्यासदौऱ्याचा समारोप कसा करावा?

विद्यार्थ्यांच्या गटाला किल्लारी परिसरातील भूकंपग्रस्त गावे दाखवून झाल्यावर शेवटच्या संध्याकाळी मेणबत्त्या लावून शपथ घ्यावी, की लातूरला परतून प्रत्येकाला मनोगत मांडायला लावावे, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: समारोप गावातच व्हावा, गावकऱ्यांच्या समक्ष व्हावा, आणि त्यात शेवटचा शब्द गावकऱ्यांचा असावा.

विद्यार्थिदशेत मी अशाच एका दौऱ्यात होते. समारोपासाठी लातूरमधील एका लॉजचे सभागृह ठरले होते. ज्यांच्या ओसरीवर बसून आम्ही वह्या भरल्या, त्यांना आम्ही काय लिहिले हे न सांगताच निघून जाणे मला पटेना. मी हट्ट धरला, बरोबरीच्या मुलींनी साथ दिली, आणि लोहारा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात मारुतीच्या देवळासमोर आम्ही आमचे तक्ते मांडले.

30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेली माळवदे झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. आम्ही तक्त्यावर भूकंपरोधक घरे, रुंद रस्ते, आखीव गल्ल्या असे सगळे लिहिले होते आणि ते खोटेही नव्हते. परंतु एक आजी तक्त्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "घर मजबूत हाय, पर ज्वारी ठिवायची कुठं? बळद गेलं, आता पोत्याला उंदरं लागत्यात." जुन्या घरात धान्य साठवण्याची बळदाची सोय असे. नव्या घराच्या नकाशात तिचा विचारच झालेला नव्हता आणि आमच्या प्रश्नावलीतही नव्हता.

त्यानंतर एक वृद्ध शेतमजूर उठले. घरे जमीनधारणेनुसार मिळाली होती: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या जमीनदारांना 750. ते म्हणाले की जमीन मोजली, माणसे मोजली नाहीत. तीन मुलांची लग्ने झाली आणि भिंतीला टेकवून पत्र्याच्या खोल्या काढाव्या लागल्या. आमच्यातील एका मुलीने तिथल्या तिथे तक्त्यावर 'घरातील माणसे' असा नवा रकाना आखला. लोक एकेका घराचे नाव घेऊन आकडा सांगू लागले, मध्येच कोणी दुसऱ्याचा आकडा दुरुस्त करू लागले, आणि अंधार पडेपर्यंत तो रकाना भरत राहिला. त्या दौऱ्यात आमच्या हाती लागलेली सर्वांत खरी माहिती त्या रकान्यात होती, असे मी आजही ठामपणे म्हणते.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले की आम्ही लोकांच्या जखमेवरची खपली काढली. हा आरोप मला तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. खपली काढली जात होती ती आधी, जेव्हा आमचा प्रत्येक गट प्रत्येक घरात जाऊन 'त्या पहाटे काय झाले' हेच विचारत होता. समारोपाच्या सभेत त्या पहाटेबद्दल कोणीही कोणाला विचारले नाही. बोलणे झाले ते घरांबद्दल, धान्याबद्दल, लांब पडलेल्या रानाबद्दल. म्हणजे ज्या गोष्टींवर त्या माणसांना अजून काही म्हणायचे होते आणि काही करून घ्यायचे होते, त्यांबद्दल. मृतांविषयी प्रश्न विचारायला संकोच न करणाऱ्यांनी जिवंतांची तक्रार ऐकताना संवेदनशीलतेचे कारण पुढे करू नये.

अर्थात, हे मी घटनेला बराच काळ लोटलेल्या गावांबद्दल लिहीत आहे. दरड कोसळलेल्या तळीये किंवा इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी, लोक हक्काच्या घरात जाईपर्यंत विद्यार्थ्यांचा गट नेऊच नये; मग समारोपाचा प्रश्नच उरत नाही. आणि गावाने सभेला नकार दिला तर तो निमूटपणे मानावा.

मेणबत्त्यांबद्दल एवढेच सांगेन की किल्लारीत दर वर्षी 30 सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. त्या दिवशी आपण तेथे असाल तर विद्यार्थ्यांना मागे उभे करावे आणि मोबाइल खिशात ठेवायला सांगावे. वेगळी शपथ कशासाठी हवी, हे मला समजत नाही. त्यापेक्षा अहवाल मराठीत लिहून घ्यावा, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक गावातील शाळेला द्यावी, आणि छायाचित्रे छापून ज्याची त्याला पोहोचवावीत. अहवाल इंग्रजीतच असला पाहिजे असे आमच्या सरांचे म्हणणे होते. आम्ही मराठी प्रत वेगळी लिहून काढली आणि गावाला पाठवली.