आधी कॅबचा निकाल लावा, हेड नंतर उघडा

तुमची अडचण मला कळली ती अशी: पीव्ही ६५०५ या गिटार अँपचं वापरलेलं हेड (स्पीकर नसलेला अँप) मिळतंय, सोबत बारा इंची चार स्पीकरची जुनी कॅब (स्पीकरची पेटी). गिटार ड्रॉप सी मध्ये, म्हणजे तारा नेहमीपेक्षा खाली लावलेल्या. वाजवून पाहिलंत तेव्हा पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं) भुसभुशीत, वरच्या पट्टीत चरचर. म्हणून हेड घेतल्या घेतल्या आत मॉड (सर्किटमध्ये फेरफार) करून गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवायचा विचार आहे.

गेन वाढवू नका. हे सर्किट म्हणजे पीव्हीचं १९९२ मध्ये आलेलं ५१५० हेडच, नाव तेवढं बदललेलं. लीड चॅनलवर इतका गेन आहे की नॉब अर्ध्यावर गेला की पुढे फक्त हिस्स आणि गिचमीड वाढते. सिग्नल आधीच पूर्ण चेपला गेलाय, त्यात आणखी काय कोंबणार? प्री गेन चारच्या आसपास आणा, पुढच्या पॅनलवरचा रेझोनन्सचा नॉब निम्म्याखाली ठेवा (तो स्पीकरच्या खालच्या रेझोनन्सपाशी पॉवर अँपची लगाम सैल सोडतो, भुसभुशीतपणा बराचसा तिथूनच येतो) आणि गिटार व हेडच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. हा पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी कमी करत नेतो, त्यामुळे जाड तारेचा बास अँपच्या पहिल्या व्हॅक्यूम ट्यूबला गुदमरवत नाही. खोलीत एकट्याने वाजवताना आवाज बारीक झाल्यासारखा वाटेल. ड्रम आणि बास सुरू झाले की कळेल का सांगतोय ते.

आता कॅब. पैसे इथे घाला. मागची फळी काढा आणि प्रत्येक स्पीकरच्या मॅग्नेटवरचं लेबल वाचा, कॅबवरच्या पाटीवर विसंबू नका. वापरलेल्या कॅबमध्ये आधीच्या मालकाने काय बसवलं असेल याचा नेम नसतो. हेड १२० वॅटचं आहे. आत सेलेशन कंपनीचे २५ वॅटचे ग्रीनबॅक स्पीकर निघाले तर चार मिळून १००, म्हणजे कमीच. जोरात वाजवलं तर कॉइल जळणार. सेलेशन जी१२टी-७५ निघाले तर वॅटची चिंता नाही, पण त्यांचा मिड (मधल्या पट्टीचा आवाज) खोल बसलेला असतो आणि ६५०५ वर ती चरचर उठून दिसते. माझं मत विचाराल तर दोन जी१२टी-७५ राहू द्या आणि सेलेशनचेच दोन व्हिंटेज ३० घ्या, प्रत्येक जोडी एकमेकांच्या तिरक्या कोपऱ्यांत बसवा. व्हिंटेज ३० ची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला किती मोठा आवाज) १०० डेसिबल, जी१२टी-७५ ची ९७. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वॅटेजइतका फरक, त्यामुळे मिश्र कॅबमध्ये ऐकू येतात ते मुख्यतः व्हिंटेज ३० च; दुसरी जोडी खालून भरणा करते. फक्त चौघांचा इम्पीडन्स (लेबलवरचा ओहमचा आकडा) सारखा हवा.

वायरिंग असं: १६ ओहमचे दोन सिरीजमध्ये ३२, अशा दोन जोड्या पॅरलल केल्या की परत १६. हेडच्या मागचा स्विच १६ वर. तारा जोडून झाल्या की प्लगला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लस टोकाला. चारही स्पीकरचे कोन (पुढचे पडदे) एकाच दिशेला सरकले पाहिजेत. एक जरी उलटा सरकला तर त्याचे + आणि − उलटे लागलेत. बास गायब होतो आणि लोक महिनोन् महिने अँपला शिव्या घालत बसतात. मग मल्टिमीटर लावा: डीसी रेझिस्टन्स १६ पेक्षा थोडा कमीच दिसतो, ते बरोबर आहे. आणि हेड-कॅबमध्ये स्पीकर केबलच लागते, गिटारची शील्डेड केबल नाही. लोड, म्हणजे स्पीकर, न जोडता ट्यूब हेड वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तोच सगळ्यात महागडा भाग.

हेड घेताना ते किमान अर्धा तास चालू ठेवायला लावा. अंधारात मागून बघा: पॉवर ट्यूबची फिलामेंट नारिंगी दिसणं ठीक, पण आतली राखाडी प्लेट लाल व्हायला लागली तर तिथेच बंद करा. प्रीअँप ट्यूबवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून खणकन आवाज आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे धक्के पकडून आवाजात आणतेय. ट्यूब बदलता येते, त्यासाठी सौदा मोडू नका, भाव मात्र पाडा.

एवढं करूनही मॉड करायचंच असेल तर पहिल्या जागेवरची १२एएक्स७ ही प्रीअँप ट्यूब काढून तिच्या जागी ५७५१ ट्यूब लावा. गेन १०० च्या जागी ७०, हिस्स कमी, सोल्डरिंग लागत नाही, आवडलं नाही तर दोन मिनिटांत पूर्ववत. दुसरा मॉड बायसचा, म्हणजे पॉवर ट्यूबमधून सिग्नल नसतानाही किती करंट वाहतो त्याचा. या हेडला बायसचा नॉब नाही आणि कारखान्यातून ट्यूब बऱ्यापैकी थंड चालवलेल्या असतात. ठरावीक रेझिस्टरच्या जागी ट्रिमर (कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) बसवतात, पण तो असा बसवायचा की त्याचा संपर्क तुटला तरी ट्यूब थंडच व्हावी, तापू नये. हिशोब सोपा आहे: ६एल६जीसी या पॉवर ट्यूबची मर्यादा ३० वॅट, तिचे ७० टक्के २१, प्लेटवर ४७० व्होल्ट असतील तर दर ट्यूबला जास्तीत जास्त ४५ मिलिअँपिअर. मी त्याच्याही खाली थांबेन. फरक पडतो, आवाज जरा भरीव होतो, पण इंटरनेटवर जेवढा गाजावाजा आहे तेवढा नाही.

हे काम मात्र ज्याला येतं त्यालाच द्या. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये साडेचारशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात; ते डिस्चार्ज करून मीटरवर खात्री केल्याशिवाय आत बोटही घालायचं नसतं.

मॅग्नेटवरच्या लेबलांचे फोटो टाका, वॅट आणि ओहम नीट दिसतील असे. वायरिंगची आकृती काढून देतो.