प्रायोगिक व्हायोलिनवादकाचं पोट भरतं का?

मुलगी व्हायोलिन छान वाजवते, पण तिला मैफलीऐवजी 'प्रायोगिक काहीतरी' करायचंय, तर यात करिअर आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी गायकी अंगाने वाजवणारा हौशी माणूस. सल्ला देण्याची माझी पात्रता नाही, म्हणून टोनी कॉनरॅड या प्रायोगिक व्हायोलिनवादकाबद्दल सांगतो.

जन्म १९४०, अमेरिकेतला. १९६२ मध्ये हार्वर्डमधून गणिताची पदवी घेऊन हा न्यूयॉर्कला गेला. तिथे ला माँट यंग, मॅरियन झाझीला आणि जॉन केल या कलाकारांबरोबर तो तासन्‌तास मोजकेच स्वर धरून वाजवायचा. आपल्याकडे गवयामागे तंबोरे झंकारतात ना, तसंच, फक्त पुढे गवईच नाही. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात, ती समान वाटणी त्याला नको होती. स्वर साध्या गुणोत्तरांनी लावायचे, उदाहरणार्थ प आणि सा यांच्या कंपनांचं प्रमाण ३:२. तंबोरा जुळवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मग भांडण झालं. या एकत्र वादनाच्या टेपा यंगकडे राहिल्या. रचना माझी, असं यंग म्हणे. सगळ्यांनी मिळून केली, असं कॉनरॅड आणि केल म्हणत. १९९० मध्ये बफलो शहरात यंगच्या कार्यक्रमाबाहेर कॉनरॅड चक्क निषेधाचा फलक घेऊन उभा राहिला. आपल्याकडे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य 'बंदिश माझीही' म्हणाला तर सगळे हसतील. पण जिथे तंबोराच अख्खं गाणं आहे, तिथे मला कॉनरॅडचं पटतं.

आता पैशांचं. १९७२ मध्ये त्याने फाउस्ट या जर्मन बँडबरोबर रेकॉर्ड केली. ड्रमवाल्याला एकच ठोका आणि बास गिटारवाल्याला एकच स्वर! ती पुढच्या वर्षी आली, आणि त्यानंतर वीसेक वर्षं त्याची नवी रेकॉर्ड नाही. तरुण श्रोत्यांनी त्याला शोधून काढलं ते नव्वदच्या दशकात. 'फोर व्हायोलिन्स' ही त्याची १९६४ ची जुनी टेपसुद्धा तेव्हाच बाहेर आली. मधल्या काळात घर चाललं ते मास्तरकीवर: १९७६ पासून तो बफलोच्या विद्यापीठात शिकवत होता. २०१६ मध्ये वारला. म्हणजे करिअर होतं, पगार मात्र व्हायोलिनचा नव्हता.

मुलीला त्याचं 'फोर व्हायोलिन्स' ऐकवा, तेही हेडफोनवर. मी पहिल्यांदा स्पीकरवर लावलं, तेव्हा बायको आतून विचारत आली, "अहो, मिक्सर चालू राहिलाय का?"