इग्बो हायलाइफ हे नुसतं पार्टीचं संगीत आहे का?

तुमचा प्रश्न असा की, नायजेरियातल्या इग्बो लोकांचं हायलाइफ ऐकायला इतकं नाचरं, खेळकर लागतं, मग लोक त्याला 'आध्यात्मिक' का म्हणतात? नोकरीमुळे मी काही वर्षं लेगोसला होतो, ऑफिसात बरेच इग्बो सहकारी होते, त्यांच्या मागे लागून लागून जे कळलं ते लिहितोय. संगीताचा अभ्यासक वगैरे नाही.

थोडक्यात सांगायचं तर नाच एका खात्यात आणि देवधर्म दुसऱ्या खात्यात, असा हिशेब तिकडे नाही.

हायलाइफ मूळचं घानाचं. ई. टी. मेन्सा यांचा बँड 1950 च्या दशकात नायजेरियात येऊन वाजवू लागला आणि लेगोसच्या हॉटेलांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे ताफे उभे राहिले. पुढे 1967 ते 1970 बियाफ्राचं युद्ध झालं, म्हणजे नायजेरियाचा इग्बोबहुल पूर्व भाग वेगळा देश व्हायला निघाला तेव्हाचं यादवी युद्ध. इग्बो वादकांनी लेगोस सोडून पूर्वेकडचं घर गाठलं. उपासमारीतून वाचलेल्या त्या मुलखात युद्धानंतर जे हायलाइफ वाजू लागलं, त्यात गिटार पुढे आली. ओरिएंटल ब्रदर्स हा बँड त्याच काळातला. दोन-तीन गिटारी एकमेकींत गुंफलेल्या आणि एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारं!

या गिटारींच्या खाली काय चाललंय ते कान देऊन ऐका. 'ओगेने' म्हणजे काठीने वाजवायची लोखंडी जोडघंटा, 'उडू' म्हणजे बाजूला भोक असलेला मातीचा घडा, 'एक्वे' म्हणजे पोखरलेल्या लाकडाचं वाद्य. गावच्या सणावारांतली आणि मयतीतली ही वाद्यं. बँडमध्ये ती प्रत्यक्ष नसली तरी घंटेची चाल गिटारवाला तारेवर धरून असतो. इग्बो भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे 'ओजा' नावाची छोटी बासरी माणसाची बिरुदं चक्क वाजवून दाखवते आणि ज्याची बिरुदं असतात तो उठून उभा राहतो.

श्रद्धेचा मुख्य धागा 'ची'चा. प्रत्येक माणसासोबत त्याची स्वतःची ची असते, जन्मापासूनची सोबतीण देवताच म्हणा. त्यांची एक म्हण आहे: माणूस हो म्हणाला तर त्याची चीही हो म्हणते. आज बहुतेक इग्बो ख्रिस्ती आहेत, रविवारी चर्चला जातात, पण नशीब, कष्ट, शेजाऱ्याची जळफळ असा विषय गाण्यात आला की ची येतेच. गायक सेलेस्टिन उक्वू तर याच वाटेवरचा. त्याने बँडचं नावच 'फिलॉसॉफर्स नॅशनल' ठेवलं होतं. 1977 मध्ये मोटार अपघातात गेला. माझ्या मते या सगळ्यांत तोच सर्वांत खोल.

आता गाण्यात माणसांची नावं घेण्याबद्दल. अनाम्ब्रा राज्यातल्या एका गावी सहकाऱ्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेलो होतो. मृत्यूला बरेच दिवस होऊन गेले होते. तिकडे तयारी नीट होईपर्यंत थांबतात. मंडप, जेवणावळी, एकाच कापडाचे कपडे घातलेलं अख्खं कुटुंब आणि कोपऱ्यात हायलाइफचा बँड. गायकाने मेलेल्या माणसाचं नाव घेतलं, मग त्याच्या बापाचं, गावाचं, मग मुलांची एकेक करून. ज्याचं नाव येई तो नाचत पुढे जाई, लोक त्याच्या कपाळावर नोटा चिकटवत आणि एक पोरगा खाली पडलेल्या नोटा पिशवीत भरत होता. (नोटा अशा उधळणं तिथल्या 2007 च्या कायद्याने गुन्हा आहे. मंडपात कुणाला फिकीर नव्हती.) शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने मला सांगितलं, विधी नीट झाला नाही तर गेलेला माणूस पूर्वजांत पोचत नाही. म्हणजे तो बँड करमणुकीला आणलेला नव्हताच.

याच रीतीची दुसरी बाजूही आहे. पैसेवाल्यांच्या नावांच्या याद्या गाणारी कितीतरी गाणी निघाली. ऑलिव्हर डी कोकची गिटार ऐकत राहावी अशी, पण शेठजींची स्तुती पंधरा मिनिटं ऐकवत नाही मला.

गायक माइक एजेआघा यांची तऱ्हा निराळी, आपल्या कीर्तनातल्या आख्यानाच्या जवळची. गिटार हलकेच चालू आणि वर लोककथा. एका गाण्यात कासवाला राजाच्या मुलीशी लग्न करायचंय आणि त्यासाठी राजाला हत्ती नेऊन द्यायचाय. कासव हत्तीला म्हणतं, चल, समारंभाचा अध्यक्ष तूच. हत्ती फुगतो आणि डुलत डुलत आपल्याच मरणाकडे निघतो. चाळीसेक वर्षांपूर्वीचं हे गाणं 2024 मध्ये एका विनोदी कलाकाराच्या नाचामुळे मोबाइलवर धुमाकूळ घालत होतं. 2025 मध्ये एजेआघा वारले, नव्वदी ओलांडून.

ऐकायची सुरुवात गायक ओसिता ओसाडेबे यांच्या 'ओसोंडी ओवेंडी'पासून करा, 1984 चं आहे. 'कुणाला रुचेल, कुणाला नाही' असा त्याचा सूर आहे आणि आवाज इतका निवांत की भांडायला निघालेला माणूसही खाली बसेल. मग उक्वू. नवीन हवं असेल तर 'द केव्हमेन' या दोन भावांचा 2020 चा 'रूट्स' अल्बम. फक्त इअरफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर खालची घंटा आणि घडा ऐकूच येत नाहीत.