रायफलच्या तोंडाला लावलेलं सगळंच ‘सायलेन्सर’ नसतं

प्रश्न असा आलाय की एका इंग्रजी थ्रिलरचा अनुवाद चालू आहे, त्यात सप्रेसर, फ्लॅश हायडर, मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर असे चार शब्द येतात, तर सरसकट ‘सायलेन्सर’ लिहिलं तर चालेल का, आणि नसेल चालत तर मराठीत काय म्हणायचं.

नाही चालणार. सप्रेसरला मात्र बिनधास्त सायलेन्सर म्हणा. काही बंदूकवाले या शब्दावर नाक मुरडतात, म्हणे आवाज पूर्ण जातच नाही, पण १९०९ मध्ये ज्याने पेटंट घेतलं त्या हायरम पर्सी मॅक्झिमनेच (मशीनगनवाल्या मॅक्झिमचा मुलगा) आपला माल सायलेन्सर म्हणून विकला, अमेरिकेच्या १९३४च्या कायद्यातही हाच शब्द आहे, आणि पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचेही सायलेन्सर बनवले, म्हणजे आपल्या बुलेट मोटरसायकलचा सायलेन्सर तसा नात्यातलाच. फक्त सिनेमातल्यासारखं ‘फुस्स’ करू नका. रायफलचा बार १६० डेसिबलच्या आसपास, त्यातले वीस-तीस कमी होतात, आणि गोळी आवाजापेक्षा वेगात सुटली असेल तर तिचा हवेतला कडाका राहतोच राहतो. म्हणून ‘ध्वनिरोधक’ नको, ते फ्लायओव्हरच्या कडेला लावतात. संस्कृतच हवं तर अग्निशामकच्या चालीवर ‘ध्वनिशामक’ बरा, पण गुंडाच्या तोंडी घालू नका प्लीज.

बाकीचे तिघे आवाज कमी करतच नाहीत. गोळीमागून येणारा तापलेला वायू पुरता जळालेला नसतो, बाहेरची हवा लागली की भडकतो. फ्लॅश हायडर त्याला फाकवतो त्यामुळे जाळ मोठा होत नाही. नावावरून वाटतं शत्रूपासून लपायला असेल, पण खरा फायदा हा की अंधारात बार काढणाऱ्याचेच डोळे दिपत नाहीत. नळी जितकी आखूड तितका जाळ जास्त, म्हणून १९४४च्या ली-एनफिल्ड ‘जंगल कार्बाइन’ या आखूड रायफलच्या तोंडाला चक्क नरसाळं बसवलेलं दिसतं.

मझल ब्रेक वायूला बाजूला आणि थोडा मागे वळवतो, खांद्याला बसणारा धक्का त्याने कमी होतो. बोफोर्सच्या नळीच्या टोकाला भोकाभोकांचा भाग असतो ना, तो ब्रेकच. यात आवाज उलट शेजारच्याच्या कानात जास्त घुसतो आणि धूळ उडते ती वेगळीच. म्हणजे तुमच्या स्नायपरच्या ब्रेकला तुम्ही सायलेन्सर लिहिलंत की अर्थ पार उलटा झाला!

कॉम्पेन्सेटरचं काम नळी उसळू न देणं, त्यासाठी तो वायू मुख्यतः वर सोडतो. एकेएम रायफलला तिरकी कापलेली टोपी असते ती हीच, नळी वर-उजवीकडे पळते तिला खाली-डावीकडे दाबायला. अर्थात सरमिसळ असतेच, एम-१६ए२ या अमेरिकी रायफलच्या फ्लॅश हायडरला खालच्या बाजूला फटी ठेवल्या नाहीत, त्यामुळे जमिनीवर झोपून मारताना धूळ उडत नाही आणि तो थोडाफार कॉम्पेन्सेटरचंही काम करतो.

मी तरी हे तिन्ही शब्द देवनागरीत तसेच ठेवीन आणि काम क्रियापदाकडून करून घेईन. ‘बार निघाला तशी ब्रेकमधून दोन्हीकडे धूळ उडाली’ एवढं लिहिलं की ज्याला बंदुकीतलं काही कळत नाही त्यालाही समजतं. ‘ज्वालानिरोधक’, ‘प्रतिक्षेप-न्यूनकारक’ असलं काही आलं की वाचक पान उलटतो. आणि हो, मझल म्हणजे इथे नळीचं तोंड, कुत्र्याचं मुसकं नव्हे.