मुलांना घेऊन कयाक वल्हवत जायचं, पुढे पायी धबधबा गाठायचा आणि त्याच दिवशी परत यायचं, हे जमेल का?

जमेल. पण नऊला निघून नाही जमणार.

तुम्ही दिलेले आकडे असे: लांबट जलाशय, त्याच्या वरच्या टोकापर्यंत ४ किलोमीटर वल्हवायचं, तिथून ३ किलोमीटर पायवाट, चढ २५० मीटर आणि शेवटी धबधबा. तुम्ही दोघं, मुलं ६ आणि ११ वर्षांची, दोघा-दोघांच्या दोन कयाक. नऊला पाण्यात उतरून चारपर्यंत परत. मी एकदा जवळजवळ असाच बेत आखला होता. जाताना सगळं अगदी ठरल्यासारखं झालं, म्हणून येतानाचं सांगतो.

धबधब्यापाशी मुलगी रमली, आम्हीही रमलो, आणि खाली येऊन कयाक पाण्यात ढकलेपर्यंत तीन वाजत आले. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी आता चांगलंच उसळत होतं आणि वारा थेट तोंडावर. डाव्या काठावर एक वठलेलं झाड होतं. वीसेकदा वल्हं मारून मी त्याच्याकडे बघायचो, आणि ते आपलं तिथल्या तिथेच. पंधरा मिनिटं ते झाड मागे पडेना. पुढे बसलेल्या बायकोच्या अंगठ्याच्या बेचक्यातला फोड फुटला होता आणि ती काहीच बोलत नव्हती. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मधे मुलगी ओल्या कपड्यांतच झोपून गेली होती आणि झोपेत कुडकुडत होती. शेवटी मधलं पाणी सोडलं, काठ धरला आणि झाडांच्या आडोशाने सरकत सरकत आलो. सकाळी सव्वा तास लागलेल्या अंतराला पावणेतीन तास लागले.

नंतर कळलं, की त्यात नशिबाचा दोष नव्हता. दिवस तापला की डोंगराचे उतार गरम होतात, त्यांच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून वारा दरीत वर येतो. धबधबा बहुधा दरीच्या वरच्या टोकाला असतो. म्हणजे शांत हवेच्या दिवशी दुपारचा वारा तुम्हाला धबधब्याकडेच ढकलणार आणि परतताना तोच समोरून येणार. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि तोवर हात सकाळचे राहिलेले नसतात. म्हणून बेत परतीपासून उलटा आखायचा.

तुमचा हिशेब मी असा मांडेन. मुलं सोबत असताना वल्हवण्याचा वेग तासाला ३ किलोमीटर धरा, जायला एक तास वीस मिनिटं. चालण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला ठोकताळा अजून वापरतात: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. त्याप्रमाणे तुमची वाट तासाभराची. पण तो धडधाकट मोठ्या माणसांचा हिशेब आहे. सहा वर्षांचं मूल प्रत्येक किड्यापाशी थांबतं, तेव्हा सरळ दुप्पट करा. धबधब्यावर एक तास, उतरायला दीड तास, कयाक बांधणं-सोडणं आणि बूट बदलणं यात दोन्ही वेळचा मिळून एक तास, समोरच्या वाऱ्यात परत यायला दोन तास. बेरीज पावणेनऊ तासांच्या पुढे जाते. साडेसहाला पाण्यात उतरलात तर साडेतीनपर्यंत काठाला लागाल. नऊला उतरलात तर सहा वाजतील, आणि वाऱ्याचा सगळा ऐन भर अंगावर घ्याल.

एक वेळ घरीच ठरवून टाका: अकरापर्यंत धबधबा दिसला नाही, तर असाल तिथून मागे फिरायचं. मुलांना आदल्या दिवशीच सांगा. पाण्याचा आवाज कानावर यायला लागल्यावर हा नियम पाळणं फार जड जातं, आणि मुलांपेक्षा बापालाच जास्त.

कोणी कुठे बसायचं? दोन्ही मुलं एका कयाकमध्ये कधीच नाही. तुमच्यातला जास्त ताकदीचा माणूस धाकट्याबरोबर, कारण तिथे एकालाच वल्हवायचं आहे. अकरा वर्षांचं मूल परतीच्या वाटेवर अर्धा वल्हेकरी धरा, त्याहून जास्त नाही. मोठं माणूस मागे, मूल पुढे. दोन्ही कयाक हाकेच्या अंतरात. आणि निघण्याआधी एखाद्या दिवशी काठाजवळच्या उथळ पाण्यात कयाक मुद्दाम उलटवून बघा. मुलांना गंमत वाटते आणि तुम्हाला कळतं की परत चढणं वाटतं तितकं सोपं नाही.

लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं हवं, ‘थोडं मोठं घेऊ, पुढच्या वर्षीही होईल’ हा हिशेब इथे नको. पट्टे आवळून खांद्यापाशी धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर ते पाण्यातही निसटेल. धाकट्याच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असू द्या.

बुटांचं लोक हमखास चुकतात. जे बूट घालून कयाकमध्ये बसाल ते भिजणारच, आणि ओल्या मोज्यांनी चढ चढलात तर तासाभरात टाचेला फोड. पाण्यासाठी वेगळं, घट्ट बसणारं पादत्राण घ्या. चालायचे बूट आणि कोरडे मोजे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगमध्ये.

वरच्या काठाला लागलात की कयाक नुसती वाळूवर ओढून सोडू नका. पाण्याची पातळी वरच्या एखाद्या धरणातून सोडलेल्या पाण्याने किंवा वर कुठे तरी पडलेल्या पावसाने चढते, आणि रिकाम्या कयाकला वारा पुरतो. उचलून वर नेऊन झाडाला बांधा, वल्ही आत खोचून.

आता धबधबा. तिथे माझा नियम कडक आहे: धार जिथे पडते तिथे कोणी जायचं नाही, पोहता येणाऱ्यानेही नाही. तो पांढरा फेस म्हणजे निम्मी हवाच. ते पाणी अंगाला नीट उचलून धरत नाही, आणि धारेखालचं पाणी गोल फिरून माणसाला परत धारेखालीच ओढतं. वरून दगडही येतात. तुषार उडतात तिथल्या खडकांवर शेवाळ असतं, काळपट हिरवा खडक दिसला की त्यावर पाऊल नाही. डोहातून पाणी बाहेर पडतं त्या उथळ, खालच्या अंगाला मुलांना घोट्याएवढ्या पाण्यात खेळू द्या, त्यांना तेवढं पुरतं. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत आल्या किंवा धारेचा आवाज बदलला, तर सामान आवरत बसू नका, आधी मुलांना घेऊन उंचावर जा.

गडगडाट ऐकू आला तर पाण्यावर असाल तिथून काठ गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नका.

राहिलं थंडीचं. स्थिर हवेच्या मानाने पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. धबधब्यावर भिजलेलं मूल चालताना ठीक असतं, कारण ते हलत असतं. कयाकमध्ये ते दोन तास बसून राहतं आणि वारा लागतो. आमच्या मुलीचं तेच झालं. तिचे कोरडे कपडे होते की आमच्याकडे, पण ते आम्ही पाठीवर धबधब्यापर्यंत नेले आणि तिने तिथेच घालून तिथेच भिजवले. म्हणून कपड्यांचा एक जोड, टोपी आणि वारा अडवणारं जाकीट वेगळ्या ड्राय बॅगमध्ये भरा, बॅग कयाकमध्येच बांधून ठेवा आणि त्यात काय आहे ते मुलांना सांगूच नका.