गटाचं मत कसं घडतं, हे कॉम्प्युटरवर दाखवता येतं का? की हा नुसता आकड्यांचा खेळ?

दाखवता येतं, आणि सुरुवातीला कॉम्प्युटरही लागत नाही. मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या मुलांकडून असे प्रोग्राम लिहून घेतो, तेव्हा विषय इथलाच देतो, वेगळा विदर्भ. 0 म्हणजे महाराष्ट्रातच राहू, 1 म्हणजे वेगळं राज्य हवंच. पानठेल्यावर चौघं उभे आहेत असं धरा. मतं 0.1, 0.3, 0.5 आणि 0.9.

साधा नियम असा की, प्रत्येकाने सगळ्यांची मतं ऐकायची, ज्याच्या शब्दाला जेवढा मान तेवढं वजन द्यायचं आणि येईल ती सरासरी आपलं नवं मत मानायची. मॉरिस डीग्रूट यांनी 1974 मध्ये हे मॉडेल मांडलं. यात सगळे एकमेकांचं थोडंफार ऐकत असले, की शेवटी एकमत होतंच. ज्याने सोसायटीची एक तरी मीटिंग काढली आहे, त्याला हे पटायचं नाही! त्यामुळे या विषयातला खरा पेच हा की, लोक एकमेकांचं ऐकतात, तरी मतभेद उरतात कसे?

राइनर हेग्सेलमान आणि उलरिख क्राउझ यांनी 2002 मध्ये अभ्यासलेला नियम इथे कामी येतो. ज्याचं मत आपल्यापासून फार लांब, त्याचं ऐकायचंच नाही; उरलेल्यांची, स्वतःला धरून, साधी सरासरी घ्यायची. ही मर्यादा 0.25 ठेवा. 0.1 वाला फक्त 0.3 वाल्याचं ऐकतो आणि 0.2 वर येतो. 0.3 वाला जागेवरच राहतो, 0.5 वाला 0.4 वर उतरतो. पुढच्या फेरीत तिघंही 0.3 वर. 0.9 वाल्याशी कोणी बोललंच नाही, तो आहे तिथेच.

आता मर्यादा 0.45 करा. या वेळी 0.5 वाल्याला दोन्ही टोकं ऐकू येतात. पहिल्या फेरीनंतर मतं होतात 0.3, 0.3, 0.45 आणि 0.7. दुसऱ्या फेरीत चौघंही 0.4375 वर. माणसं तीच, मतंही तीच. प्रत्येकाचा कान जरा मोठा झाला, एवढाच फरक.

हट्टी माणसाचं गणित आणखी गमतीचं आहे. डीग्रूटच्या नियमात एकच जण अजिबात हलला नाही आणि बाकीचे त्याचं ऐकत राहिले, तर हळूहळू सगळे त्याच्याच मतावर जातात. तो बरोबर आहे की चूक, याचा संबंधच नाही. दोन टोकांना दोन हट्टी बसवले, तर एकमत कधीच होत नाही.

आकड्यांचा खेळ म्हणाल तर काही अंशी आहेच. खऱ्या माणसाची 'मर्यादा' मोजायची कशी, हे अवघड आहे, त्यामुळे यावरून निवडणुकीचे अंदाज कोणी सांगू लागलं तर दुरूनच नमस्कार करा. पण मतं एकमेकांकडे सरकतात, हे खऱ्या माणसांवरही दिसलं आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिकच्या प्रयोगात 144 विद्यार्थ्यांना काही आकड्यांचे अंदाज करायला सांगितले होते. इतरांचे अंदाज कळल्यावर त्यांचे आकडे जवळजवळ आले, आत्मविश्वास वाढला, अचूकता मात्र वाढली नाही.

स्वतः करायचं असेल तर नेटलोगो हे असे प्रयोग करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतही वीसेक ओळींत होतं. शंभर जण घ्या, मतं 0 ते 1 मध्ये कशीही विखुरा. मर्यादा 0.15 ठेवली तर बहुधा दोन गट पडतील, 0.25 च्या पुढे गेलात तर बहुतेक वेळा एकच. त्या दोन आकड्यांच्या मध्ये बारीक बारीक बदल करून पाहा, खरी मजा तिथे आहे.