तुझ्या बायोडेटात तू कुठे आहेस?

प्रिय छोट्या मैत्रिणी,

काल रात्री तुझा बायोडेटा वाचला. पहिल्यांदा वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली. "परिणामाभिमुख, उत्साही, संघभावनेने काम करणारी, नवीन गोष्टी चटकन आत्मसात करणारी." ही कोण बाई? मी जिच्याबरोबर दीड वर्ष काम केलं ती मुलगी मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी बोलायची, आणि ती बोलली की पंधरा मिनिटं चाललेली हुज्जत थांबायची. ती या दोन पानांत कुठेच सापडली नाही.

"स्वतःचं मार्केटिंग करायला लाज वाटते," असं तू सोबतच्या निरोपात लिहिलंयस. वाटणारच. आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. मग नोकरी शोधायची वेळ आली की तेच लोक सांगतात, बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. या दोन्हींच्या कात्रीत सापडून तू विशेषणांचा आडोसा घेतलास. गंमत अशी की स्तुती म्हणतात ती नेमकी विशेषणांनाच. "मी मेहनती आहे" म्हणायला लाज वाटायला हवी. "मी हे हे केलं" हा नुसता हिशोब झाला. तो द्यायला संकोच कशाचा?

तुझी एक ओळ घेऊ. "ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची जबाबदारी पार पाडली." ही ओळ त्या खुर्चीत बसलेल्या कुणीही लिहिली असती, टंगळमंगळ करणाऱ्यानंही. आता मला काय आठवतं ते सांगते. रोज चाळीसएक तक्रारी यायच्या. त्यातल्या बहुतेक फिरून फिरून त्याच त्या नऊ प्रकारच्या आहेत, हे तुझ्या लक्षात आलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू त्या नऊंची सरळ भाषेतली उत्तरं लिहून काढलीस आणि सगळ्यांच्या हाताशी ठेवलीस. आधी ग्राहकाला पहिलं उत्तर जायला दोन दिवस लागायचे, नंतर ते त्याच दिवशी जायला लागलं. हे बायोडेटात का नाही? मी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "त्यात काय एवढं!" माझा अनुभव असा की "त्यात काय एवढं" म्हणून आपण जे वगळतो तेच बहुतेक वेळा लिहिण्याजोगं असतं. मग ओळ अशी होईल: "रोज सुमारे ४० तक्रारी. वारंवार येणाऱ्या ९ प्रकारांची उत्तरं स्वतःहून तयार केली. पहिल्या उत्तराचा वेळ दोन दिवसांवरून त्याच दिवसावर आला." यात एकही विशेषण नाही. वाचणारा ती मनातल्या मनात स्वतःच लावतो, आणि त्यानं लावलेलीच टिकतात.

आकडे फुगवू मात्र नकोस. नक्की आठवत नसेल तर "सुमारे" लिही, आणि विचारलं तर तो अंदाज कसा काढला हे सांगता आलं पाहिजे. मी स्वतः मुलाखती घेत होते तेव्हा फुगवलेला आकडा तिसऱ्या प्रश्नाला फुटायचा, आणि मग खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडायचा.

माझीही एक फजिती ऐक. उमेदीच्या काळातल्या एका मुलाखतीत मी अर्धा तास "आम्ही" म्हणत राहिले. आम्ही प्रकल्प वेळेत दिला, आम्ही चुका शोधल्या, आम्ही पद्धत बदलली. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुमच्या टीमला घ्यायला आवडलं असतं, पण जागा एकच आहे. तुम्ही काय केलंत?" मला उत्तर सुचेना. काम केलेलं होतं, पण सगळ्यांच्या कामातून माझा वाटा वेगळा काढून पाहायची सवयच नव्हती. नोकरी अर्थातच मिळाली नाही. तू "आम्ही" जरूर म्हण, फक्त त्याच्या पुढच्या वाक्यात "त्यात माझ्याकडे अमुक होतं" हे येऊ दे.

स्वतःची जाहिरात ही आजकालची थेरं आहेत असंही तुला वाटतं. 'पर्सनल ब्रँडिंग' हा शब्द नवा आहे खरा. माणसानं स्वतःकडे ब्रँड म्हणून पाहावं, ही कल्पना टॉम पीटर्स या अमेरिकन व्यवस्थापन लेखकाच्या १९९७ सालच्या एका मासिकातल्या लेखानं गाजवली. पण साधारण १४८२च्या सुमारास, तिशीतल्या लिओनार्दो दा विंचीनं इटलीतल्या मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला कामासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. त्याआधी मुद्द्यांमागून मुद्दे आहेत ते हलक्या, उचलून नेता येणाऱ्या पुलांचे, वेढा घालण्याच्या साधनांचे, झाकलेल्या रथांचे. कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात लढाया होत्या. आणि शेवटी तो लिहितो की यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत किंवा म्हणाल तिथे करून दाखवतो. (लिहिलेलं सगळं त्यानं तोवर करून पाहिलं होतं का, याबद्दल मला दाट शंका आहे. ते तेवढं उचलू नकोस. आणि तो मसुदा त्याच्या स्वतःच्या अक्षरात नाही असं अभ्यासक सांगतात. तेव्हा अर्ज लिहिताना कुणाची मदत घेतलीस म्हणून ओशाळू नकोस.)

माझ्या मते सगळी मेख याच पत्रात आहे. तू अर्ज लिहितेस तेव्हा "मी कशी आहे" यापासून सुरुवात करतेस. समोरचा मात्र "माझ्या डोक्याला झालेला ताप कोण कमी करेल" एवढंच शोधत असतो. नोकरीची जाहिरात नीट वाचलीस तर त्यांना कुठे दुखतंय ते कळतं. "दबावाखाली काम करण्याची तयारी" असं दोनदा आलं असेल तर तिथे माणसं कमी आहेत असं समज. त्या दुखण्याला लागू पडणारं तुझं काम वर आण, बाकीचं खाली ढकल. त्यासाठी प्रत्येक अर्ज नव्यानं लिहायला नको, वरच्या चार ओळी बदलल्या तरी पुरतं. सगळा अर्ज एआयकडून लिहून घ्यायचा मोह होईल. भाषा सुधारून घे हवं तर, पण ते नऊ प्रकार त्याला ठाऊक नाहीत. तू सांगितले नाहीस तर ते पुन्हा "परिणामाभिमुख"च लिहून देईल.

तांत्रिक बाजू झटपट उरकते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्यातली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत भरतं, मग तो माणसासमोर येतो. तुझ्या दोन कॉलमच्या नक्षीदार साच्याचा तिथे चुथडा होऊ शकतो. तपासायचं कसं? पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर. मी केला. तुझा फोन नंबर शिक्षणाच्या मधोमध येऊन बसला, आणि कौशल्यांचा तो रंगीत तक्ता चित्र असल्यामुळे पार गायब झाला. एक कॉलम, साधे मथळे, आणि फाइलला तुझं नाव. "न्यू फायनल २" नको. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात, पण शोधयादीत सुरुवातीचीच दिसतात. तिथे "नव्या संधीच्या शोधात" असं लिहून ती जागा वाया घालवू नकोस. काम लिही.

आता ओळखींबद्दल. हा भाग तू टाळतेस, आणि इथेच सगळ्यात जास्त हाती लागतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली मांडलं की नोकरीची खबर बहुधा जिवलगांकडून येत नाही, तुरळक भेटणाऱ्यांकडून येते. त्यानं ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी ओळखीतून नोकरी मिळालेल्या सुमारे ५६ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी गाठ अधूनमधूनच पडायची, २८ टक्क्यांची तर क्वचितच. कारण सरळ आहे. तुझ्या जवळच्यांना जे माहीत आहे ते तुलाही माहीत असतं. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यात आणखी एक बारकावा निघाला: नोकरी बदलायला सगळ्यात जास्त उपयोग मध्यम सैल ओळखींचा होतो. म्हणजे अगदी अनोळखी पाचशे जणांना विनंत्या धाडून फारसं काही होत नाही. जुन्या प्रकल्पावरचा सहकारी, दुसऱ्या विभागात गेलेली सीनियर, एका प्रशिक्षणात शेजारी बसलेली बाई, अशी माणसं काढ.

आणि त्यांना "काही ओपनिंग असेल तर कळवा" असं लिहू नकोस. त्यावर "नक्की" असं उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो. असं काहीतरी लिही: "आपण त्या बिलिंगच्या कामात एकत्र होतो. मी आता तक्रार निवारणाच्या कामात जागा शोधतेय. तुमच्याकडे हे काम कसं चालतं, हे पंधरा मिनिटं फोनवर विचारू का? या आठवड्यात कधीही." माणसाला नोकरी देता येत नसली तरी पंधरा मिनिटं देता येतात. बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा निरोप, आणि पुढे काही घडलं तर तेही कळव. गरज सरो वैद्य मरो करणारी माणसं लोकांच्या बरोब्बर लक्षात राहतात.

रोज सकाळी प्रेरणादायी पोस्ट टाकायचा सल्ला तुला कुणीतरी दिलाय, तो सोड. महिन्यातून एकदा, करता करता कळलेली एखादी गोष्ट लिही. त्या नऊ उत्तरांवरच एक लेख होईल. फक्त जुन्या कंपनीची गुपितं, ग्राहकांची नावं आणि जुन्या साहेबांवरचा राग त्यात नको. ब्रँड या शब्दाचा एक जुना अर्थ तापल्या लोखंडानं दिलेला डाग असा आहे, आणि ऑनलाइन लिहिलेलंही पुसता पुसत नाही.

रविवारपर्यंत मला फक्त पाच ओळी पाठव. पाच कामं, आकड्यांसकट, विशेषणांशिवाय. बाकी सगळं नंतर बघू. आणि हो, प्रोफाइलच्या फोटोत तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात दिसतोय. तो फोटो आजच बदल.

तुझी,
मॅडम (आता ताई म्हटलंस तरी चालेल)